रोज पाच शब्द

सौसर,
सोमवार, ६ जानेवारी १९८६

उमी,

मायना लिहीत नाही. 'अनेक आशीर्वाद' लिहायला गेलो आणि पेन अडलं. दोन वर्षांपूर्वी, तू परमुलखातल्या मुलाशी लग्न ठरवलंस तेव्हा, संत्र्यांच्या बगीच्यात उभं राहून मीच तुला सांगितलं होतं की यापुढं या घरी तुझा कागदसुद्धा येऊ नये. माझा कागद तुझ्याकडं जाऊ नये, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. हे पत्र टाकीन की नाही ते माहीत नाही, पण लिहायला कुणाची हरकत आहे?

बातमी अशी, की तुझा बाप इंग्रजीच्या क्लासला जातो. हसू नको. तीन आठवडे होत आले. शाळेतून रिटायर झालेल्या वत्सलाबाई आठवतात ना, चालताना छत्री काठीसारखी टेकणाऱ्या? त्या घरी दहावीच्या पोरींचा क्लास घेतात, चार ते पाच. सतरंजीवर अकरा पोरी आणि बारावा मी, छप्पन्न वर्षांचा. गुडघे दुमडत नाहीत म्हणून मला एक पाट दिला आहे. पोरी मला काकाजी म्हणतात आणि माझ्या वहीत डोकावतात. आठवीत इंग्रजीत नापास होऊन शाळा सुटली, तरी ए बी सी डी बरीच शिल्लक निघाली, त्यामुळे पहिले आठ दिवस मान ताठ होती. मग लांब शब्द सुरू झाले.

गावात सांगितलं आहे की दिल्लीच्या संत्रा व्यापाऱ्याची पत्रं इंग्रजीत येतात, म्हणून शिकतो. तूही सध्या तेच समज.

आज बाईंनी आठवडाभराचा होमवर्क दिला. रोज दहा ओळी घरच्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि ऐकणाऱ्याची वहीत सही आणायची. रोज पाच नवे शब्द आणायचे, कुठूनही, औषधाच्या बाटलीवरून, दुकानाच्या पाटीवरून, आणि अर्थ डिक्शनरीत स्वतः शोधायचा. शनिवारी एक इंग्रजी पत्र लिहायचं, खऱ्याखुऱ्या माणसाला. कुंजीतलं, म्हणजे गाइडातलं, चालणार नाही.

इंदू नावाची एक बोलकी पोरगी आहे. ती लगेच म्हणाली, "मॅडम, कुंजीत होस्टेलमधून वडलाले पत्र आहे ना. मी तं तेच पाठ केलं."

"तू होस्टेलमध्ये राहतेस?"

"नाही जी, बाजार चौकात."

सहीचं मला संकट आहे, कारण तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चार हात अंतरावर बसलो आणि दहा ओळी वाचल्या, शेतकरी आणि त्याच्या गाढवाची गोष्ट. वाचून वही आणि पेन तिच्याजवळ सरकवलं. तिनं पदराला हात पुसले, 'केसर' एवढं लिहिलं आणि वही परत सरकवली. 

बाबा


मंगळवार, ७ जानेवारी

उमी,

आई का बोलत नाही, ते सांगतो. काल मुद्दाम गाळलं होतं.

मागच्या महिन्यात ती जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेली, तिथं तुझी मैत्रीण अलका भेटली. तुझी पत्रं पांढुर्ण्याला अलकाकडं येतात, हे मला तेव्हा कळलं. आई घरी आली ती चपला न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. "पोरीले दिवस आहेत. आता सातवा लागून राहिला. पयलं बाळंतपण माहेरी होते, अन् आठव्यात प्रवास करत नाही. बापानं जाऊन जावयाले इचारा लागते. तुम्ही जा."

मी म्हटलं, "ज्यानं मले नोटीस धाडली, त्याच्या दारी मी जाऊ?"

"वाचली का ते नोटीस?"

मी कपाटाकडं बघायला लागलो.

"दोन सालापासून कपाटात पडून आहे. काय लिवलं त्यात?"

"नोटिशीत काय राहते? नोटीसच राहते."

"पयले वाचा. मग बोला माह्यासंगं." त्या दिवसापासून घरात माझं ताट वाढलं जातं, पाणी ठेवलं जातं, पण आवाज फक्त भांड्यांचा.

तुला नोटीस म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून सांगतो. तुझ्या लग्नानंतर महिनाभरात तुझ्या नवऱ्याचं रजिस्टर पत्र आलं. ऑफिसचा कागद, इंग्रजी, सगळं टाइप केलेलं, पोस्टमननं पोचपावतीवर माझी सही घेतली. असा कागद आपल्या घरात त्याआधी एकदाच आला होता, आठवतं? विहिरीच्या वाट्यावरून दादारावनं नागपूरच्या वकिलाकरवी पाठवलेला. चुलतभाऊ असून सहा वर्षं त्यानं मला छिंदवाड्याच्या कोर्टात फिरवलं. टाइप केलेला इंग्रजी कागद रजिस्टरनं येतो तो कशासाठी, हे मला कुणी शिकवायला नको होतं. जावयानं लग्न होताच बगीच्यात बायकोचा हिस्सा मागितला, असं मी धरून चाललो. दादारावच्या केसच्या कागदांखाली ते ठेवून दिलं.

कुणाकडून वाचून घ्यायचं? सौसरात इंग्रजी येणारे मोजके. वकील, डॉक्टर, पोस्टमास्तर. दुपारी वाचलं तर संध्याकाळी पानठेल्यावर चर्चा झाली असती, यशवंतरावांच्या जावयानं असं असं लिहिलं म्हणून.

म्हणून क्लास. दिल्लीचा व्यापारी वगैरे कुणी नाही. मीच वाचणार आहे. आणि बाईंच्या होमवर्कनं माझी सोयच झाली. रोजचे पाच शब्द त्या कागदातलेच न्यायचे, म्हणजे कुणाला संशय नको. आज सर्वांत लांबलचक पाच उचलले. विटनेस, रजिस्ट्रार, सिग्नेचर, ऑब्जेक्शन, ऍब्सेन्स. डिक्शनरीत अर्थ काढले. साक्षीदार, निबंधक, सही, हरकत, गैरहजेरी. काढता काढता माझे कान तापले. कोर्टाचेच शब्द आहेत, अक्षरन् अक्षर!

बाईंनी वही पाहिली. "यशवंतराव, हे शब्द कुठून आणले?"

"खताच्या पोत्यावरून."

"खताच्या पोत्यावर साक्षीदार?"

पोरी इतक्या हसल्या की इंदूला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या लहान शब्द आणा. परीक्षेत लोक लहान शब्दांतच चुकतात."

आठवा लागायला अकरा दिवस राहिले. हे मी मोजत नाही. आईनं कॅलेंडरवर खूण केली आहे, ती दिसते.

बाबा


बुधवार, ८ जानेवारी

उमी,

लहान शब्द नेले. चेअर, एम्प्टी, मदर, स्टेअर्स, वेट. खुर्ची, रिकामी, आई, जिना, वाट पाहणे.

आता मला सांग, नोटिशीत खुर्ची कशाला?

ओसरीत हे पाच शब्द मोठ्यानं म्हणत होतो. 'मदर' माहीत नसणारा माणूस नाही. तुझ्या आईचा शेंगा सोलणारा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीत पाहिलं. दहा ओळींवर सही झाली.

आज जास्त लिहवत नाही.

बाबा


गुरुवार, ९ जानेवारी

उमी,

आज बाईंनी पकडलं.

पोरी गेल्यावर म्हणाल्या, "बसा जरा." माझी वही त्यांच्या मांडीवर होती. तीन दिवसांचे पंधरा शब्द त्यांनी एका कागदावर एकाखाली एक उतरवले होते. आजचे पाच होते रिस्पेक्टेड, हँडरायटिंग, एनी, लँग्वेज, लाइन.

"यशवंतराव, हे सगळे शब्द एकाच पत्रातले आहेत."

मी पाटावर बसल्या बसल्या चपला शोधायला लागलो. चपला बाहेर होत्या.

"पोरीकडचं आहे?" त्यांनी विचारलं. तू त्यांची विद्यार्थिनी. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, हे मला फार बरं वाटलं. "आणा, मी दोन मिनिटांत वाचून देते. कुणाजवळ बोलणार नाही."

कागद माझ्या खिशातच होता, उमी. सदऱ्याच्या आतल्या खिशात, तीन आठवड्यांपासून. हात तिथवर गेलाही. मग म्हटलं, "नको बाई. मलेच वाचा लागते."

त्यांनी हट्ट केला नाही. आतून आपली मोठी डिक्शनरी आणली, जिची पाठ कापडानं चिकटवलेली आहे, आणि माझ्या हातात दिली. उद्याची हजेरी माफ आहे म्हणाल्या.

येताना रस्ताभर मी स्वतःलाच शिव्या देत होतो. वाचून का घेतलं नाही, याचं मंगळवारी मी तुला दिलेलं कारण अर्धंच आहे. गावात चर्चा होईल हे खरं. पण नागपुरात मला कोण ओळखतं? संत्री घेऊन मी दर पंधरवड्याला नागपूरला जातो. मंडईसमोर टायपिंगवाले ओळीनं बसतात, कुणीही वाचून दिलं असतं. मी कागद पुढं केला नाही. न वाचलेलं ते पत्र मला सोयीचं होतं. तुझ्यावर रागावून राहायला माझ्याकडं एक कागद होता. आत काही वेगळं निघालं असतं तर राग सोडावा लागला असता, आणि राग सोडला की तू घरात नाहीस एवढंच उरलं असतं. ते माझ्यानं झेपलं नसतं.

बाबा


शुक्रवार, १० जानेवारी

उमी,

वाचलं.

सकाळी आठला डिक्शनरी घेऊन बगीच्यात गेलो. संत्र्यांची तोड संपलेल्या ओळीत, पंपाच्या खोलीमागं बसलो. माणसांना सांगितलं की हिशेब करतो, कुणी येऊ नका. दुपारचा डबा तसाच राहिला. उन्हं कलायला लागली तेव्हा शेवटची ओळ झाली. एकोणीस ओळींचं पत्र आहे. तुला त्यानं दाखवलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या अकलेनं मराठीत उतरवलं आहे, चुका माझ्या.

"आदरणीय पिताजी,

मला तुमची भाषा येत नाही आणि हिंदी एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरत नाही, म्हणून इंग्रजीत लिहितो. माझं अक्षर वाईट आहे. तुम्हाला वाचायला त्रास होऊ नये म्हणून ऑफिस सुटल्यावर टाइप करत आहे. हरवू नये म्हणून रजिस्टरनं पाठवतो.

आमचं लग्न रजिस्ट्रारच्या ऑफिसात झालं. तुमच्यासाठी आणि आईसाठी पुढं दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. त्या रिकाम्या राहिल्या. कुणाची हरकत आहे का, असं रजिस्ट्रारनं विचारलं, तेव्हा उर्मिलानं जिन्याकडं पाहिलं. तुम्ही हरकत घ्यायला का होईना, याल, असं तिला वाटत होतं. तुमच्या गैरहजेरीत तुमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून माझ्या मित्रानं सही केली. ते मला आवडलं नाही. ती सही तुमची होती.

मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील गेले. वडिलांशी कसं बोलतात ते मला नीट माहीत नाही. काही चुकलं असेल तर माझं समजा, तिचं नाही.

आज माफ करा असं म्हणत नाही. कोणत्याही भाषेत एक ओळ लिहा. इथं कुणी ना कुणी वाचून देईल. ती ओळ आली की त्याच दिवशी आम्ही निघू. आम्ही वाट पाहतो.

तुमचा,
सेल्वराज"

कुठं आहे नोटीस? कुठं आहे हिस्सा? साक्षीदार होता, सही होती, हरकत होती, सगळे माझे शब्द त्यात होते. मंगळवारी वहीत उतरवताना मी त्यांना एकेकट्याला धरलं होतं.

मला सर्वांत जास्त काय लागलं, सांगू? पोचपावती. माझ्या सहीची पोचपावती त्याला परत मिळाली असणार. म्हणजे पत्र मला पोचलं, हे तुम्हा दोघांना माहीत होतं. मग एक महिना, दोन महिने, एक दिवाळी, दुसरी दिवाळी. तुमच्या हिशेबी बापानं वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

मी पंपाच्या खोलीमागं बसून रडलो, उमी. छप्पन्न वर्षांचा माणूस, मांडीवर डिक्शनरी घेऊन.

बाबा


शनिवार, ११ जानेवारी

उमी,

काल संध्याकाळी तुझ्या आईला वाचून दाखवलं. आधी एक ओळ इंग्रजीत, मग तीच मराठीत. इंग्रजी कशाला, असं तू म्हणशील. तिनं 'वाचा' म्हटलं होतं, म्हणून.

खुर्च्यांची ओळ आली आणि ती पहिल्यांदा बोलली. चोवीस दिवसांनी.

"माह्यासाठी बी होती?"

"हो. दोन होत्या."

"मी तं गेली असती," ती म्हणाली.

इथं मला एक गोष्ट कबूल करावी लागते, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तू बगीच्यात मला लग्नाची तारीख सांगायला आली होतीस. आई तेव्हा पांढुर्ण्याला भावाकडं होती. ती परत आली आणि तुझ्याबद्दल विचारायला लागली, तेव्हा मी म्हटलं, पोरगी निघून गेली, कुठं नि कधी ते सांगितलं नाही. तिला तारीख माहीत असती तर ती एकटी बसमध्ये बसली असती आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून लपवलं. तू आईला बोलावलंच नाहीस, असं ती दोन वर्षं समजत होती. तिनं तुला थेट पत्र लिहिलं नाही ते त्यामुळं. आणि ती आली नाही म्हणून तू तिच्यावर रुसली असशील. तुम्हा मायलेकींच्या मध्ये मी उभा होतो.

काल तिला हे सांगितलं. मला वाटलं, आता हिचं मौन जन्मभराचं. ती उठली, आत गेली. खूप वेळ ट्रंका ओढल्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाली, "रविवारची गाडी पाहा. अन् तुमच्याशी काय बोलाचं ते मी पोरगी घरी आल्यावर पाहीन." एवढंच. उमी, माझी बाजू घेऊ नको. तिला जे बोलायचं आहे ते बोलू दे.

आज क्लासला गेलो, कारण होमवर्क बाकी होता. पोरींनी पत्रं वाचली. इंदूनं आपल्या आजीला लिहिलं होतं, जिला इंग्रजी सोडा, हिंदीही येत नाही. पत्रात मजकूर असा की तू माझी फणी घेतेस ती परत ठेवत जा. बाई खूश झाल्या. खरं माणूस, खरी फणी!

मग माझी पाळी. चार ओळी होत्या. लिहायला पहाटेपासून दुपार झाली. मराठीत त्या अशा: तुमचं पत्र मी काल वाचलं. मला दोन वर्षं उशीर झाला. बाळ होईपर्यंत माझी मुलगी माझ्या घरी द्या, हे विचारायला मी येत आहे. तुम्ही हो म्हणालात तर तुम्हीही चला.

वाचून मान वर केली. इंदूनं हळूच विचारलं, "काकाजी, हे कोनाले?"

"माह्या जावयाले," मी म्हटलं.

तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. बाईंनी लाल पेन उघडलं होतं, ते झाकण लावून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "पोस्टानं पाठवू नका. हातानं द्या."

बाबा


पांढुर्णा स्टेशन,
रविवार, १२ जानेवारी, सकाळ

उमी,

अलकाकडून तुझ्या घरचा पत्ता घेतला. इथून नागपूर, तिथून मद्रासची गाडी, मग कोईमतूर. आठवा लागायच्या आत परतता येईल, असं आईचं गणित आहे. डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले, तर आई तिथंच राहील. तिनं तशा तयारीनंच साड्या घेतल्या आहेत. डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं मांडीवर धरला आहे, मला हात लावू देत नाही.

मला भीती वाटते. कोर्टात वाटली नव्हती एवढी वाटते. जावई नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. तू नाही म्हणालीस तर मी काय करीन, याचा विचार मी करत नाही.

हे सात दिवसांचे कागद टाकत नाही, तुझ्या हातात येतील. तेव्हा असं करायचं. आई आधी आत येईल. तिला थांबवू नको, तिचा यात काहीच गुन्हा नाही, शनिवारचं वाचलंस की कळेल. चार ओळींचं इंग्रजी पत्र जावयांना दे. माझी इंग्रजी वाचून हसू आलं तर हसू दे त्यांना. बाकीचे कागद तू वाच. मी आत येणार नाही. तुला येऊ नको म्हणणारा मी होतो, तेव्हा मला ये म्हणणारी तूच पाहिजेस.

एका दमात वाचू नको. तुझी अवस्था अशी, बसून वाच, मध्ये पाणी पी. एकही पान गाळू नको. मला घाई नाही, तुम्ही दोघं माझ्यासाठी दोन वर्षं थांबलात.

हे तू वाचते आहेस, तेव्हा मी तुझ्या दाराबाहेर उभा आहे.

बाबा